कोवळी ज्वारी आणि आमची कपिला

मंडळी, घाईत लिहितेय, पण शेवटपर्यंत वाचा.

लोणी काळभोरच्या आमच्या रानात मी ज्वारी, बाजरी आणि चवळी एकत्र पेरली होती. जमीन झाकलेली राहते आणि गायींना हिरवं चरायला मिळतं. पण पावसाने ओढ दिली आणि ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली.

आज सकाळी गायी सोडताना शेजारचे शेखचाचा बांधावरून ओरडले, "ताई, ज्वारी कोवळी हाय अजून! इतक्यात जनावरं घालू नका!"

मी म्हटलं, "अहो चाचा, अर्धाच तास चरू द्या."

वीस मिनिटांत कपिला धापा टाकायला लागली. पाय लटपटले, तोंडाला फेस आला आणि ती कोसळली. चाचांनी धावत येऊन बाकीच्या दोघींना बाहेर काढलं. डॉक्टर पोचले तेव्हा कपिला गेली होती. ते म्हणाले, "पाण्याविना खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं."

हेच बियाणं मी या ग्रुपमधल्या चौघांना दिलंय. तिघांशी बोलले, त्यांनी जनावरं बांधून ठेवलीत.

सुनंदाताई, सकाळपासून तुम्हाला फोन करतेय. तुम्ही उचलत का नाही?