मामंजींचं थंड हवेचं ठिकाण

माझं माहेर कुडपणचं. पोलादपूर सोडलं की डोंगर चढायला लागायचं, तेव्हा कुठे ते पठार यायचं. ऐन वैशाखातही तिथे पांघरूण लागतं. अशा गावची मुलगी बाबांनी दिली कुठे, तर महाडला, पोह्यांच्या भट्टीवर! पंचावन्न-छपन्न साल असेल. स्थळ बघताना त्यांनी मुलगा पाहिला, घर पाहिलं, माणसं पाहिली. हवा मात्र कुणीच पाहिली नाही. हवेचं मेलं काय एवढं, असं वाटलं असणार.

महाड सगळीकडून डोंगरांत बसलेलं. वारा पडला की पान हलत नाही. त्यात आमचा धंदा आगीचा. भिजवलेलं भात तापल्या कढईत भाजायचं आणि गरम असतानाच उखळात कांडायचं. जरा गार झालं की पोहे होत नाहीत, नुसता चुरा होतो. म्हणजे आचेपासून लांब पळायची सोय नाही. पहिल्याच चैत्रात घामोळ्यांनी माझी पाठ सोलून काढली. आधीच मी तापट, त्यात हे. यांनी साधं पाणी मागितलं तरी मी तांब्या आपटून ठेवायची. दोनदा चक्कर येऊन उखळापाशी पडले. दुसऱ्या वेळी कपाळाला चांगली खोक पडली.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आम्ही दोघं आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. ते तीस वर्षं त्या कढईपुढे बसलेले. मी पडले ते त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी उखळ उपटून त्यांनी मागच्या दारात, नदीकडच्या वाऱ्याला नेऊन बसवलं. कढई होती तिथेच राहिली. मग भाजलेल्या भाताची पाटी घेऊन साठीचा माणूस दर खेपेला कढईपासून उखळापर्यंत पळत यायचा, भात गार व्हायच्या आत. मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. भट्टी त्यांची, पळतील नाहीतर काय करतील, असं मी मनात म्हणायची. आज आठवलं की लाज वाटते.

लग्नाला तीनचार वर्षं झाली असतील. दिवाळी उलटली, आणि एक दिवस जेवता जेवता मामंजी म्हणाले, "झारा आता पोराच्या हातात देतो. जलम आगीपुढं गेला. जरा थंड हवेत पडून ऱ्हावं म्हणतो. तुमच्या कुडपणाला हवा कशी हाय गो?"

मला आभाळ ठेंगणं झालं! म्हातारा माणूस डोंगरावर राहणार म्हणजे त्याचं जेवणखाण बघायला कोण जाणार? सूनच ना! कांडायला महाडात बाया मिळत होत्या. हे आठवड्याला वर चक्कर मारतील. माझी तर कायमची सुटका. मग मी कुडपणच्या थंडीचे असे काही गोडवे गायले की विचारू नका. तिथलं पाणी पाचक, तिथे झोप गाढ, तिथे म्हातारी माणसं काठीसुद्धा धरत नाहीत! मामंजी मान डोलवत ऐकत होते. ठरलं असं, की पौषात महिनाभर माझ्या माहेरी राहून बघायचं. हवा मानवली तर बाबा घरामागची जागा देणार होते. तिथे दोन खोल्या उभ्या राहिल्या असत्या.

पोलादपूरपर्यंत यष्टीने आणि पुढे पायी, असे मी आणि मामंजी वर गेलो. आणि तिथे व्याह्याचा मान आडवा आला.

आमच्याकडे व्याही घरी आला की त्याला कामाला हात लावू देत नाहीत. त्याची जागा ओटीवर, घरातल्या सगळ्यात चांगल्या घोंगडीवर. कुडपणात ओटी म्हणजे वाऱ्याची वाट. गडीमाणसं खळ्यात शेकोटी करून बसत, पण व्याह्याला त्यांच्यात मातीत कसं बसवायचं? आणि घरात ऊब होती ती चुलीपाशी, तर विहिणीच्या चुलीपाशी व्याह्याने पाऊल टाकायचं नाही. आई तर त्यांच्यासमोरही येत नसे, दाराआडून बोलायची. म्हणजे सगळ्या घरात थंडीने काकडणारा माणूस एकच, ज्याचा सगळे मान राखत होते तो.

"कशी काय हवा, व्याही?" बाबा रोज विचारायचे.

"बेस हाय," मामंजी म्हणायचे.

त्यांची बोटं सुजली होती. खोकला लागला होता. मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण मी म्हणत होते, होईल सवय. मला सवय झाली का महाडची? नाही ना! तरी म्हणत होते.

आठवा दिवस असेल. त्या दिवशी बाबा जागा मोजायची म्हणून दोरी काढून बसले होते. उजाडताना मी धार काढायला गोठ्यात गेले, तर दोन बैलांच्या मध्ये मामंजी उभे. दोन्ही हात बैलाच्या पोटाला लावलेले, गाल त्याच्या पाठीवर टेकलेला. मला पाहून दचकले.

"बैल बघाया आलेलो गो," म्हणाले.

माझ्या हातातली चरवी खाली पडली. राग आला, भयंकर राग आला, आणि तो माझाच मला आला. मी त्यांचं मनगट धरलं. बर्फ नुसता. तसंच ओढत त्यांना घरात आणलं, ओटी ओलांडली आणि थेट चुलीपुढे बसवलं.

आई किंचाळलीच. "अगो, येडी झालीस काय? व्याही हायत ते!"

"काकडून मरायला लागलेत तुझे व्याही. सरक तू!"

आईने पदर डोक्यावरून ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. मामंजींनी हात पुढे धरले. मग न राहवून एक लाकूड आत सारलं, निखारे नीट लावले. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. मी त्यांच्यावरच खेकसले, "मामंजी, ही हवा तुम्हाला मानवत नाही. बेस हाय, बेस हाय म्हणून खोटं कशाला बोललात?"

ते आगीकडेच बघत होते.

"मला कुठली मानवायची? मला आगीबिगर जमत नाय. पन तुला मानवते ना. सुनेला नुसती म्हायेरी धाडली तर लोकं म्हणतात, नांदत नाय. म्हाताऱ्याला थंड हवा पायजे म्हटल्यावर कोन काय बोलतंय?"

मी तिथेच, आईसमोर, मोठ्याने रडले. आईने भिंतीकडचं तोंड वळवलं, तव्यावरची नाचणीची भाकरी उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा व्याह्याच्या हातात स्वतः दिली.

बाबांना मी दोरी ठेवून द्यायला सांगितलं. दुपारच्या आत आम्ही डोंगर उतरायला लागलो. खाली येत गेलो तशी हवा तापत गेली, आणि मामंजींचा पाय उचलायला लागला. पोलादपूर दिसलं तेव्हा ते म्हणाले, "उन्हाळ्यात दोन म्हयने तू वर जायचं. मी येणार नाय."

"आणि लोकं?"

"लोकांचं मी बघतो."

झारा त्यांनी परत हातात घेतला. ते होते तोवर दर चैत्रात मी कुडपणला गेले. लोकांनी विचारलंच, अगदी भट्टीवर येऊन विचारलं. मामंजी कढईवरून मान वर न करता सांगायचे, "मीच धाडलीय तिला."