रुसलेल्या माणसाला बोलवायचं नसतं

बसा, बसा. मी सरकतो. चहा सांगा, माझ्यासाठीही सांगा, आणि एक गोष्ट आधीच बजावून ठेवतो: हसायचं नाही! माझं डोकं तव्यासारखं तापलंय. आज जी फजिती झालीय ना, तिची सुरुवात पार आफ्रिकेत झाली आणि शेवट इथं, अहमदपूरच्या एस.टी. स्टँडसमोर, या बाकड्यावर व्हायचाय. अजून झालेला नाही. म्हणून तर बसलोय!

समोरचं ते मंगल कार्यालय दिसतंय? कमानीला फुगे लावलेलं? आत माझ्या सख्ख्या पुतणीचं लग्न आहे. मी तिचा काका. लग्न लावणारा पाळकही मीच. आणि मी इथं, मे महिन्याच्या उन्हात, रस्त्याच्या अलीकडं, उपाशी! रुसून आलोय. कोणीतरी बोलवायला येईल म्हणून त्या गेटाकडं डोळे लावून बसलोय. तुमचंही जरा लक्ष असू द्या. कोणी येताना दिसलं की सांगा, म्हणजे मी तोंड फिरवून बसेन.

यात हसण्यासारखं काय आहे? रुसायची एक रीत असते की नाही? लग्न म्हटलं की कोणीतरी रुसणार. त्यानं जाऊन लांब बसायचं, पण फार लांब नाही, दिसेल इतकंच लांब. मग दोघं-तिघं जण येतात, दंडाला धरतात, ‘चला हो, तुमच्याबिगर पंगत बसायची न्हाई’ म्हणतात. आपण दोनदा हात झटकायचा. तिसऱ्यांदा उठायचं. हिंदू असो, बौद्ध असो, मुसलमान असो, आम्ही ख्रिस्ती असो, या एका बाबतीत अख्खा मराठवाडा एका पंगतीचा. आमचे वडील मुदखेडला रुसले की पिशवी घेऊन थेट स्टेशनवर जाऊन बसायचे. गाडीत मात्र जन्मात कधी बसले नाहीत.

आता ही रीत सोबत घेऊन मी झांबियाला गेलो, हीच चूक झाली.

आमच्या मिशननं मला तिथल्या एका खेड्यात मंडळी सांभाळायला पाठवलं होतं. मंडळी म्हणजे चर्चची. घरची मंडळी, आमची सुलोचना, ती सोबतच होती. निघताना सगळ्यांनी शिकवलं, पाणी उकळून प्या, मच्छरदाणी लावा. तिथं गेल्यावर मी मक्याच्या पिठाचा गोळा हातानं खायला शिकलो. हळू टाळ्या वाजवून नमस्कार करायला शिकलो. भाषा शिकलो, गाणी शिकलो. पण तिथं रुसायचं कसं, हे एकानंही सांगितलं नाही! सांगायला नको? राग येणार नाही का माणसाला?

तर तिथल्या बांदा आजोबांची नात, एस्तर. गुणी पोरगी. सुलोचनाकडं चपात्या शिकायला यायची आणि आम्हाला आई-बाबाच म्हणायची. तिचं लग्न ठरलं. नवरा लांबच्या तांब्याच्या खाणीत कामाला, रजा एका दिवसाची. संध्याकाळची बस धरून बायकोला घेऊन जाणार. लग्न अर्थातच मी लावणार. मी इस्त्रीचा झगा घालून ऐटीत गेलो.

अंगणात पुढं खुर्च्या मांडलेल्या. एका खुर्चीवर शाळेचा हेडमास्तर. एकीवर खाणीचा मुकादम. मी पुढं निघालो तर बांदा आजोबांनी माझा हात धरला आणि मला मागं नेलं. मागं म्हणजे कुठं? चुलीपाशी! म्हाताऱ्या बायका कोंबड्या सोलत होत्या, त्यांच्यात एक बुटकं स्टूल ठेवलं आणि म्हणाले, “बस.”

मी? पाळक? धुरात? आणि हेडमास्तर खुर्चीत?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताडकन उठलो, अंगणातून सरळ बाहेर पडलो आणि फाटकापाशी आंब्याखाली जाऊन उभा राहिलो. दिसेल इतक्या लांब. म्हटलं, आता येतील.

कोणी आलं नाही!

गाणं बंद पडलं. सगळे माना खाली घालून बसून राहिले. म्हटलं, बरोबर, घाबरले. आता येतील. ऊन डोक्यावर आलं. कोंबडीचा वास सुटला. पोटात कावळे. पांढऱ्या झग्यातली एस्तर दारातून सारखी बघत होती, माझ्याकडं आणि रस्त्याकडं. शेवटी सुलोचना आली. मी घाईनं तोंड फिरवलं.

“अहो, काय करायलात इथं?”

“मला बोलवायला कोणी येतंय का नाही?”

“कशाला येतील? हितं रागावलेल्या माणसाला कोणी बोलवत न्हाई. त्याचा राग त्यानं पुरा करायचा, आपल्या पायानं परत यायचं आन् काय खुपलं ते समद्यांपुढं सांगायचं. तवर गाव थांबतं. मान देऊन राहिले ते तुम्हाला.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“मी बायकांत बसते. तुम्ही निस्ती भाषणं करता.”

“आणि त्या पोराची बस?”

“जाईल की निघून.”

म्हणजे बघा! मी त्यांची वाट बघतोय, ते माझी वाट बघतायत, आणि मध्ये त्या पोरीचं लग्न लटकलंय. एस्तर आता रडायला लागली होती. काय करता? गेलो. आपल्या पायानं. सगळ्या गावासमोर उभं राहून, दात-ओठ खात सांगितलं, “मला खुर्ची दिली नाही.”

असं मोठ्यानं म्हटल्यावर ते किती लहान वाटतं, तुम्हीच म्हणून बघा एकदा.

बांदा आजोबा उठून माझ्यासमोर आले. मग म्हणाले, “खुर्च्या पाहुण्यांना असतात. चुलीपाशी घरचा माणूस बसतो. तुला पाहुणा व्हायचं होतं का?”

आणि माझं उत्तर यायच्या आत हेडमास्तर बिचारा उठला. मला त्याच्या खुर्चीत बसवलं. लग्न लावलं. बस मिळाली, पोरगी गेली. पण त्यानंतर त्या गावात मी कुठंही जावो, आधी खुर्ची बाहेर यायची. चुलीपाशी मला परत कोणी नेलं नाही. सुलोचना आत बायकांमध्ये हसायची आणि मी अंगणात खुर्चीवर एकटा. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

चहा गार होतोय, घ्या. गेटातून कोणी आलं का? नाही? बघत राहा. छ्या! हे बूटसुद्धा आज पायात राहीनात. रागानं माणसाचे पायही वाळतात की काय कोण जाणे.

तर एवढी मोठी अक्कल शिकून मी गावाकडं परत आलो. मग ती वाटायला नको? आज सकाळी लग्नाच्या उपदेशात मी नव्या जोडप्याला ठणकावून सांगितलं, “लेकरांनो, रागावलेल्या माणसाच्या मागं धावू नका! राग त्याचा, पायही त्याचेच. तो आपल्या पायानं येईल. त्याला थांबून राहणं हाच खरा मान!” सगळे म्हणाले, आमेन. पहिल्या रांगेतले आमचे दाजीही म्हणाले, आमेन.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नांदेडला असतात. घरातले मोठे जावई. माणूस सोन्यासारखा, पण मानाला फार जपणारा. आणि झालं काय, फेटे बांधताना कोणा शहाण्यानं धाकट्या जावयाला आधी स्टेजवर बोलावलं! दाजी उठले. तडक वऱ्हाडाच्या खोलीत गेले, दाराशी बूट काढले आणि गादीवर भिंतीकडं तोंड करून बसले.

माझा भाऊ, नवरीचा बाप, हातात फेटा घेऊन धावला. मागं चौघं जण. एकाच्या हातात जिलबीचं ताट. मी त्यांच्या आधी पोचलो, बूट काढून उंबऱ्यावर चढलो आणि आडवा झालो. दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिलो.

“कोणी आत जायचं नाही! सकाळी काय सांगितलं मी? त्यांचा मान राखा!”

आतून दाजी खोकले. थोडं थांबून मोठ्यानं खोकले. मी म्हणालो, “ऐका, राग पुरा होत आलाय.” मग बराच वेळ आवाजच नाही. भाऊ फेटा घेऊन नुसता घाम पुसत होता.

तेवढ्यात ताई आली. पदर खोचून. “सामू, सरक बाजूला! माझ्या माणसाला शुगर हाय. सकाळी गोळी खाऊन बसलेत, पोटात अन्नाचा कण न्हाई!”

“ताई, अगं आफ्रिकेत...”

“खड्ड्यात गेली तुझी आफ्रिका! आमच्या घरचा रुसवा हाय, आम्ही बघू. तू कोण रे पाहुणा मधी येणारा?”

पाहुणा! सख्खी बहीण! मला, पाहुणा!

तो शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. म्हणालो, “हो का? मग पाहुणा चालला!” खाली बघितलं पण नाही. बुटात पाय घातले आणि ताडताड निघून आलो ते इथं. तेव्हापासून बसलोय. दिसेल इतक्या लांब.

थांबा, फोन वाजतोय. सुलोचना आहे. मी कडक आवाजातच बोलतो.

“काय आहे?”

“कुठं हायत तुम्ही?”

“आहे कुठंतरी.”

“चहावाल्यापाशी बसलेत. हितून दिसायलंय मला. जेवलात?”

“नाही!”

“बरं.”

“बरं काय? मला बोलवायला कोणी निघालंय का?”

“कोण निघंल? सकाळी तुम्हीच सांगितलं, मागं धावू नका म्हणून. समदे तुमचा मान राखून राहिलेत. दाजीला ताईनं हाताला धरून आणलं, फेटा बांधला, पोटभर जेवले ते. जिलबी पण मागून घेतली. पंगत उठली.”

ठेवला फोन! बघितलंत? ज्यांच्या मानासाठी मी आडवा झालो, ते जिलबी खातात आणि...

अहो, ते बघा! गेटातून कोण येतंय? फेटा बांधलेले... दाजी! अगदी पळत! मोठे जावई, या वयात, स्वतः, मला मनवायला! नाही हो, डोळ्यांत धूर गेला चुलीचा. बघा, शेवटी रक्ताचं नाही पण मानाचं माणूस ते. आता तुम्ही कोणी बोलू नका. मी तोंड फिरवतो. दोनदा हात झटकायचा, लक्षात आहे माझ्या.

“सामू!”

मी गप्प.

“आरं सामू, ऊठ.”

झटकला हात.

“ऊठ म्हणतोय ना, भाड्या!”

झटकला. आता तिसऱ्यांदा.

“पाळकसाब, उठा की!”

“दाजी, आता तुम्ही एवढं मनापासून म्हणताच आहात तर...”

“मनापासून काय? पाय वर कर! माझे बूट घालून आलायस तू! अर्ध्या तासापासून हुडकायलोय, गाडी खोळंबलीय नांदेडची.”

“अं? मग... माझे?”

“हायत तिथंच दाराशी. ये की चालत, आपल्या पायानं. सकाळी तूच सांगितलंस न्हाई का?”

गेले. बूट घालून, लेस बांधून, मागं वळूनसुद्धा न बघता गेले.

हसा, हसा आता. पण आधी एक सांगा, तुम्ही इथलेच ना? मे महिन्यात हे डांबर साधारण किती वाजता गार होतं हो?