कारहुणवीची बैलजोडी

दरवर्षी कारहुणवी आली, की ती चोरी अजून आठवते. कारहुणवी म्हणजे आमच्या बिदर-गुलबर्गा भागातला बैलांचा सण. बैल धुवायचे, शिंगे रंगवायची आणि वाजतगाजत वेशीतून पळवायचे. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतरची ती पहिली काही वर्षे. मी हुमनाबाद तालुक्यात सबइन्स्पेक्टर होतो. लोक अमीनसाहेब म्हणत.

सणाच्या दुसऱ्या दिवशी दुबलगुंडीचा एक बडा शेतकरी ठाण्यात आला. मिरवणुकीच्या गर्दीतच त्याची बैलजोडी नाहीशी झाली होती. खबरही त्यानेच आणली. गावातला एक जण पूर्वी जनावरे चोरून गुलबर्ग्याच्या तुरुंगात जाऊन आला होता, आणि सणादिवशी तो गावात नव्हता.

"आनखी कोन करनार साहेब? त्याचा धंदाच हाय त्यो."

आम्ही त्याला आणले. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. "चोरी केली न्हाई. कुठं हुतो ते इचारू नका," एवढेच म्हणे आणि मान खाली घाली. जमादाराचे हात शिवशिवू लागले.

"हुकूम करा साहेब, आत्ता बोलतंय बघा."

मी हुकूम केला नाही. सराईत चोराजवळ खोटे उत्तर तयार असते. हा तर खोटेही सांगत नव्हता.

दुपारी त्याची लेक ठाण्याच्या पायरीशी येऊन बसली. मी जवळ गेलो तशी उभी राहिली.

"अप्पा खजुरीला गेलते, माझ्या हुनाऱ्या सासरी. 'माझ्यापायी तुमच्या दारात कधी पोलीस यायचे न्हाईत,' असा शबूद दिलाय अप्पांनी सासऱ्याला. तुमी चौकशीला गेलाव की लगीन मोडतंय. म्हनून सांगंना झालेत."

गेलो नाही तर बाप सुटत नाही, गेलो तर लेकीचे लग्न मोडते. मी वर्दी उतरवली, धोतर नेसलो आणि बैल बघायला आल्याच्या निमित्ताने एकटाच खजुरीला गेलो. नवऱ्या मुलाच्या बापाने पाणी दिले आणि तो हसला.

"साहेब, धोतर नेसलं तरी चालनं पोलिसाचंच हाय. त्यो सणाला आमच्याकडंच हुता. जेलची गोष्ट सुपारी फोडायच्या आधी त्यानंच सांगितली. असं कोन सांगतंय हो सोताहून? आमी मानूस बघून सोयरीक केली. पोलीस आले म्हनून कामून मोडावं?"

माझ्या डोक्यावरचे ओझे उतरले. आता चोर शेतकऱ्याच्या घरातच शोधायचा होता, कारण ढोलांनी बिचकलेले बैल परक्यामागे मुकाट जात नाहीत. शेतकऱ्याचा धाकटा भाऊ वाटणीवरून भांडत होता, हे गावाला ठाऊक होते. मी त्याची सासरवाडी गाठली. गावभर बैलांची शिंगे लाल-हिरवी, पण त्या गोठ्यात एका जोडीची कोरी. ओळख पटू नये म्हणून रंग खरवडला होता, आणि सणाच्या त्या आठवड्यात कोऱ्या शिंगांचा बैल अख्ख्या मुलखात दुसरा नव्हता. पंचांसमोर भाऊ सगळे बोलला.

तेव्हा तोच शेतकरी म्हणू लागला, "घरातली गोष्ट हाय साहेब, मिटवून टाका."

मला संताप आला. "त्या गरिबाचं नाव घेतलंत तेव्हा ती घरातली नव्हती," असे सांगितले आणि खटला भरला.

हवालातीतून सुटलेला तो माणूस दारात घुटमळला.

"साहेब, लगनाला या."

"येतो की. धोतर नेसून येतो."

"न्हाई साहेब, वर्दीतच या. माझ्या दारात पोलीस जेवाय आलेले गावाला दिसू द्या."

वर्दीत गेलो, पंगतीला बसलो, आग्रह झाला तेवढे जेवलो. जुना गुन्हा आमच्या दप्तरात राहतो आणि तो तिथे राहायलाच हवा. पण दप्तर जिथे संपते, तिथून पुढे माणूस जगलेला असतो. पुढे कुणी एखाद्याचे नाव त्याच्या जुन्या शिक्षेसकट घेऊन ठाण्यात आला, की मी आधी विचारी, "ते कळलं. हल्ली तो काय करतो?"

बहुतेकांना सांगता येत नसे.