मिसिसिपीच्या भरतीची वाट

हळर्णच्या सगुणचा देवाखालोखाल कोणावर विश्वास असेल तर भरतीवर. डिचोलीहून खनिज भरून मुरगाव बंदरात नेणाऱ्या बार्जवर त्याची हयात गेली. तिथल्या नद्यांचं पाणी दिवसातून दोनदा समुद्राकडे जातं आणि दोनदा उलटं फिरतं. सगुणची बादली वाहून गेली, ती जेवणवेळेला परत आली. चपलाही आल्या. एकदा गावचा बाबुराव झिंगून होडीत झोपला, तो वाहत गेला आणि जाग येण्याआधी धक्क्याला परत लागला. आपण कुठे जाऊन आलो हे त्याला आजही ठाऊक नाही. तेव्हापासून सगुणचं तत्त्वज्ञान एकच: पाण्यात गेलेल्यामागे धावू नये, बसून राहावं. असला माणूस सल्ला द्यायला महाधोक्याचा, पण त्याला सांगणार कोण?

परवा संध्याकाळी तो बलकांवात, घरापुढच्या ओट्यावर, बसून चहात पाव बुडवत होता, तेवढ्यात जावयाचा व्हिडिओ कॉल आला. देवेश मूळचा मांद्र्याचा, नोकरीला अमेरिकेत सेंट लुइसला. समुद्रकाठी जन्मून पोहायला न शिकलेला महात्मा. तिकडे रविवारची सकाळ. बायको सेजल झोपलेली बघून हा रबरी होडी घेऊन मिसिसिपीत उतरला आणि वल्हं हातातून निसटलं. अंगात लाइफ जॅकेट होतं, एवढीच अक्कल.

"बाबा, मी व्हावत चल्लंय! सेजलीक सांगा नकात!"

जावई पाण्यात म्हटल्यावर सासूने, भाग्यलक्ष्मीने, देवही पाण्यात घातले. सगुणने मात्र पाव संपवला.

"जावंयबापू, भियां नकात. आता सुकती आसतली. भरती लागली की होडी आपसूक मागे येतली. बसान रवा."

देवेश बसून राहिला. सासऱ्याचा शब्द! गावाबाहेरचा पूल डोक्यावरून गेला, तरी बसून राहिला. एका मासेमाराने मोटरबोट जवळ आणून दोरी टाकली, तर या आज्ञाधारक गाढवाने हात जोडले आणि सांगितलं, नको, मी भरतीसाठी थांबलोय. तो मासेमार इतका हसला, की त्याची टोपी पाण्यात पडली. तो काय बोलला ते देवेशने रडवेल्या आवाजात सासऱ्याला सांगितलं. ही नदी उत्तरेच्या एका तळ्यातून निघते. वर मिझुरी नदी हिला मिळाली, खाली ओहायो मिळेल, आणि समुद्र अजून हजार मैलांवर. भरती असलीच तर तिकडे, मुखाजवळ. इथे पाणी फक्त जातं.

"फक्त जाता? परतान येणाच नाय?"

"नाय, बाबा."

"मगे दोरी धर रे मेल्या!" सगुण असा ओरडला, की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

देवेशने दोरी धरली. काठाला लागून त्याने फोन वर केला, तर सासरे ढसाढसा रडत होते. ते आपल्यासाठीच, असं त्याने धरलं, आणि आता तो सगळ्यांना कौतुकाने सांगतो, माझ्या सासऱ्यांची माया बघा!

खरं भाग्यलक्ष्मीला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मोप विमानतळावर लेकीला, सेजलला, निरोप देताना सगळं घर रडलं होतं. एकटा सगुण कोरडा उभा होता. "गेल्ला येता," तो म्हणाला होता, आणि तेव्हापासून लेक परत येईल म्हणून निवांत बसून होता.