कुणाची मोटार

लातूरला एका मिस्त्रीच्या दुकानात मी विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर दुरुस्तीला नेतो. चहासुद्धा तो तपासत पितो. आज साखर कमी, उद्या दूध कमी, दोन्ही एकदम कधीच नाही. "एका वक्ताला एकच बदलायचं, भाऊ. दोन बदललं की कशानं काय झालं कळत न्हाई."

विहिरीवरची मोटार मोबाईलवरून चालू करायची पेटी हल्ली गावोगाव बसली आहे. "कंपनीचं ॲप लई अडकतंय. मी माझं बनवायलोय," म्हणायचा. त्यासाठी मोबाईलमधून जाणारे संदेश पकडायचा. ते म्हणजे अगम्य अक्षरांच्या ओळी. चालूची आणि बंदची ओळ एकाखाली एक मांडून, कुठलं अक्षर बदललं ते बोट फिरवत शोधायचा.

एका मंगळवारी त्यानं माझ्यासमोर शेवटचा एकच आकडा बदलून संदेश पाठवला. उत्तर आलं, मोटार चालू. टेबलावरची त्याची स्वतःची पेटी मात्र गप्पच. तो आकडा पेटीच्या नंबरातला निघाला.

"दुसऱ्याच कुणाची तरी चालू झाली," तो पुटपुटला. घाईनं त्यानं बंदचा संदेश पाठवला, बंद झाल्याचं उत्तरही आलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कुणी हिरीत उतरलं असंल तर?"

आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी विचारतो, "त्या मंगळवारी तुमची मोटार आपोआप चालू झाली होती काय?" अजून कुणी हो म्हटलेलं नाही.

माझ्या जळकोटच्या विहिरीवर तसलीच पेटी आहे. हल्ली मी फ्यूज काढून खिशात घालतो, मगच पायऱ्या उतरतो.