मार्लिसचं ‘नाही’

ऑपरेशनच्या आधी नर्सनं सरळ विचारलं होतं, "आजी, गांजा ओढता का? किती? भूल द्यायचीय, खरं सांगा हं." आणि जिनं पन्नास वर्षांत गांजाशिवाय एक संध्याकाळ काढली नव्हती, त्या मार्लिसनं ठणकावून सांगितलं, "छे! मी नाही त्यातली."

आता यात बाईला नावं ठेवणं सोपं आहे. पण आमच्या हम्बोल्टच्या डोंगरात, जिथं घरोघरी चोरून गांजा पिकायचा, हे असंच. कायदा बदलला, गावातल्या दुकानात गांजा पावतीनिशी मिळायला लागला, पण जिभेला कायदा कोण समजावणार? पूर्वी पीक तयार झालं की डोक्यावर पोलिसांची हेलिकॉप्टरं घिरट्या घालायची, तेव्हा इथली पोरं बोलायच्या आधी गप्प बसायला शिकली. बाबा काय करतात? सुतारकाम. मागच्या उतारावर काय लावलंय? टोमॅटो. घरटी एक सुतार, आणि धड खुर्ची एकाच्याही घरात नाही!

नर्सनं विचारलं तेव्हा शेजारी मार्लिसची मुलगी टॅन्सी बसली होती. ती स्वतः शहरातल्या इस्पितळात वीस वर्षं नर्स. रोज ओढणाऱ्याला भूल जास्त लागते, दुखण्याचं औषधही जास्त लागतं, हे तिला पाठ होतं. तरी तीही मूग गिळून बसली.

व्हायचं तेच झालं. आतड्याचं ऑपरेशन पार पडलं, पण दुखणं आवरेना. डॉक्टर नेहमीच्या मापानं औषध देत राहिले आणि मार्लिस गुरासारखी ओरडत राहिली. घरी आल्यावर गोळी पोटात ठरेना, घेतली की उलटी. धूर ओढायची सोय नाही, कारण खोकला आला तर टाके उसवायचे. शेवटी टॅन्सीच गावात जाऊन वाफेचं यंत्र घेऊन आली. मुठीत मावेल एवढंसं. त्यात गांजाचा चुरा भरायचा, तो जळत नाही, नुसता तापतो, आणि त्याची वाफ ओढायची. जिनं जन्मभर त्या वासाचा राग राग केला, तीच आता चार-चार तासांनी चुरा भरून यंत्र आईच्या ओठांना लावत होती.

"हळू ओढ. खोकलीस तर याद राख."

"ना चव ना धूर! तुझ्या बापानं असलं काही तोंडाला लावलं नसतं."

बापाचं नाव निघालं की टॅन्सी उठून बाहेर जायची. तशीच गेली.

दहाव्या दिवशी जखम चिघळली. गुरुवारी पुन्हा पोट उघडायचं ठरलं. म्हणजे पुन्हा भूल, आणि पुन्हा तोच प्रश्न.

"या वेळी खरं सांग, आई. जिवाशी खेळ आहे हा."

"मग तेव्हा तू का नाही सांगितलंस? एवढी मोठी नर्स ना तू?"

टॅन्सीनं यंत्र खाली ठेवलं. "एकदा सांगितलं होतं मी. आठ वर्षांची असताना."

शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं, स्वेटरला कसला गं वास येतो? पोरीनं सांगितलं, बाबांच्या झाडांचा. पुढच्याच आठवड्यात पोलीस आले, तिच्या बापाला, ऑरिनला, घेऊन गेले, आणि तिसऱ्या वर्षी तुरुंगातच त्याचं हृदय बंद पडलं. मार्लिसनं त्यावरून लेकीला कधी बोल लावला नव्हता. पण त्याबद्दल दुसरा शब्दही काढला नव्हता.

वाफेनं दुखणं उतरलं होतं. विषय टाळायला कण्हायचंही निमित्त उरलं नव्हतं.

"तुझ्यामुळे नाही आले ते," मार्लिस म्हणाली. "मीच बोलले होते. फोनवर, माझ्या बहिणीपाशी. यंदा पीक कसं आलंय म्हणून फुशारकी मारली. तिच्या नवऱ्यानं पोलिसांना कळवलं. वकिलानं मला त्याच्या तक्रारीचा कागद दाखवला होता."

"कधी?"

"तेव्हाच."

"म्हणजे मी आठ वर्षांची असतानाच तुला ठाऊक होतं?"

"लाज वाटली गं. आणि तूही कधी विचारलं नाहीस."

"विचारायचं नाही हे तूच शिकवलंस ना!"

एवढंसं पोर, आणि अडतीस वर्षं बापाचं मरण उरावर घेऊन फिरलं! टॅन्सीनं यंत्र स्वच्छ पुसलं, भरून आईच्या उशाशी ठेवलं आणि दार लोटून घेतलं. मार्लिसनं भिंतीकडे तोंड करून मनसोक्त रडून घेतलं.

गुरुवारी टॅन्सीच्या गाडीतून दोघींनी दोन तासांचा रस्ता कापला. इस्पितळाच्या दारात टॅन्सीनं आईला चाकाच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर पिशवी ठेवली. "आता तुझं तूच सांग," म्हणाली.

नर्सनं तोच प्रश्न विचारला.

"रोज," ती म्हणाली. "पन्नास वर्षं. सध्या यंत्रातून, दिवसातून पाच-सहा वेळा."

"बरं," म्हणत नर्सनं मान खाली घालून लिहून घेतलं. बस्स, इतकंच. ना कुणी दचकलं, ना कुणी दार लावून घेतलं. मार्लिस तिच्या पेनाकडे बघतच राहिली.

"नंतर घरी कोण नेणार, आजी? मागच्या वेळी मुलगी होती ना सोबत?"

मार्लिसनं खिडकीतून खाली पाहिलं. टॅन्सीनं गाडी उभी केली होती ती जागा रिकामी होती.

"होती," ती म्हणाली, आणि शेजारणीचा नंबर सांगितला.