नाना हिरवे झाले त्याची गोष्ट

माझे वडील हिरवे नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण श्रीरामपुरात आमच्या गल्लीत अजूनही दोन-चार माणसं अशी आहेत, ज्यांना याबद्दल पक्की खात्री नाही.

नाना साखर कारखान्यात फिटर होते. ते गेले तेव्हा लक्षात आलं, की या माणसाचा धड एक फोटो घरात नाही. एक होता ओळखपत्रावरचा, पण त्यात ते नुकतेच पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसत होते. हसरे नाना एकाच फोटोत सापडले. माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या लग्नातल्या. आमच्यात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत असतात. तशी पांढऱ्या साडीतली आक्का मधोमध आणि फोटोच्या अगदी डाव्या कडेला तोंडभर हसणारे नाना. पण पंचवीसेक वर्षांत त्या रंगीत फोटोतले बाकीचे रंग उडाले होते आणि नवरा-नवरीसकट सगळं वऱ्हाड लालभडक झालं होतं.

आई म्हणाली, "पयल्या स्मृतिदिनाला भितीवर ह्योच फोटो पायजे. हसताना दुसरीकडं कुटंच न्हाईत ते."

स्टुडिओवाला म्हणाला, "मावशी, ब्लॅक अँड व्हाईट करून देतो. म्हणजे लाल झालंय ते कळणारच नाही."

आई भडकली. "का? माज्या मालकाचा रंग काय चोरीचा हुता व्हय, दडवून ठेवायला?"

तेव्हा मी पुढे झालो. (इथंच मला कुणीतरी मागं ओढायला हवं होतं.) मी शाळेत चित्रकलेचा शिक्षक. रंगाचा डोळा माझा. शिवाय घरी नुकताच कॉम्प्युटर आलेला, सोबत स्कॅनर, आणि रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मुद्दाम बनवून घेतलेले दोन लाकडी स्पीकर. एकेक खोका पिठाच्या डब्याएवढा! त्या खोलीत मी कुणाला चपला घालून येऊ देत नसे.

मी फोटो स्कॅन केला. रंग सुधारायच्या त्या प्रोग्रॅममध्ये एक ड्रॉपर असतो. चित्रातलं जे पांढरं असायला हवं, त्यावर तो टेकवायचा, की बाकीचे रंग आपोआप ताळ्यावर येतात. मी तो आक्काच्या साडीवर टेकवला. आणि काय सांगू! लाली उतरली, मांडव दिसला, हार दिसले, आणि डाव्या कडेला सावळे, हसरे नाना उभे राहिले.

आई बघतच राहिली. पदर डोळ्याला लावून म्हणाली, "हां. हेच ते."

शहाण्या माणसानं इथं कॉम्प्युटर बंद करून चहा घेतला असता. मी आक्काला बोलावलं. ती घोडेगावहून आली आणि पडद्याकडे बघून तिनं नाक मुरडलं.

"सुधाकर, माजी साडी अशी दुधासारकी नव्हती बरं का. निळसर झाक हुती तिला. आईनं लग्नाच्या आदी नीळ घातली हुती."

"आक्का, पांढरं म्हणजे पांढरं!"

"नेसली कुनी हुती? तू का मी?"

चित्रकलेच्या शिक्षकाला रंग शिकवतेय! माझं डोकं सणकलं. "आण मग ती साडी! शेजारी ठेवूनच जुळवतो. होऊन जाऊ दे!"

पुढच्या खेपेला तिनं पेटीतून साडी आणली. ती आता शेवयांच्या रंगाची झाली होती. आक्का म्हणाली, हिला नमुना धरू नको, नीळ उडालीय. आई म्हणाली, एवढंच ना? आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं साडी नीळ कालवलेल्या बादलीत बुचकळली! बाहेर आली तेव्हा साडीवर ढगाळ आभाळ उतरलं होतं.

"आई! माजी लग्नाची साडी!"

"वरडू नको. वाळली की फिक्की हुती."

वाळली. फिक्की झाली नाही. आक्कानं आईशी बोलणं टाकलं आणि त्याबद्दल जे बोलायचं ते सगळं माझ्याशी बोलली.

आता तो डागाळलेला नमुना पडद्याला अगदी लागून हवा होता. दोरी बांधायला खिळा नव्हता. मी डाव्या हाताचा स्पीकर उचलला, पडद्याला खेटून उभा केला आणि त्यावर साडी घडी करून टाकली. व्वा! साडी आणि चित्र शेजारी-शेजारी. आता तसूभर फरक पडायचा नाही.

मी साडीचा निळेपणा जुळवत बसलो आणि आई मागून ओरडली, "आरं, यांच्या तोंडाला काय झालं?"

खरंच की! नानांचा चेहरा जांभळट लाल झाला होता. बाकी चित्र ठीक, फक्त डाव्या कडेचे नाना शेंदूर फासल्यासारखे.

"लगीन लेकीचं हुतं," आई म्हणाली, "हे कशाला लाजत्यात?"

मी हसलो. लालाचा विरोधी रंग हिरवा, हे मी सातवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. नानांच्या चेहऱ्याला थोडा हिरवा दिला. लाली हटेना. आणखी दिला. स्वयंपाकघरातून माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, आधीचं बरं होतं की!" मी म्हणालो, "तुला रंगातलं काय कळतं?" (हे वाक्य तिनं अजून जपून ठेवलंय.)

"पण नेमका रंग कसा होता नानांचा?" मी आईला विचारलं.

"जुन्या गुळासारका," आई म्हणाली आणि आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली. तो तिनं स्कॅनरवर ठेवला. एका बाजूला साडी, एका बाजूला गूळ, मध्ये मी. हिरवा देत गेलो, देत गेलो, आणि शेवटी पडद्यावरचे नाना आणि स्कॅनरवरचा गूळ एका रंगाचे झाले. जुन्या फाईलवरच ती नवी फाईल मी थाटात सेव्ह केली.

फ्लॉपी खिशात घालून एसटीनं नगर गाठलं. तिथं एका दुकानात नवाकोरा कलर प्रिंटर होता. कागद कुरकुरत बाहेर आला. आधी मांडव आला, मग आक्का आली, आणि डाव्या कडेला कच्च्या कैरीच्या रंगाचे माझे वडील तोंडभर हसत बाहेर आले.

"हे काय केलंत?" मी किंचाळलो. "तुमच्या प्रिंटरला कावीळ झालीय!"

"सर, काविळीत मानूस पिवळा व्हतो," दुकानदार शांतपणे म्हणाला. "ह्ये हिरवे हायेत."

"माझ्या घरी गुळाशी जुळवून आणलंय मी!"

"कशाशी?"

त्यानं फाईल त्याच्या पडद्यावर उघडून दाखवली. तिथंही नाना हिरवे. मग मी त्याच्या पडद्यालाही शिव्या घातल्या, त्याच्या ट्यूबलाईटला घातल्या, आणि भिंतीच्या पोपटी ऑइलपेंटला तर विशेष घातल्या. परतीच्या एसटीत शेजारच्या बाईंनी माझ्या हातातला फोटो बघितला आणि हळूच विचारलं, "कशानं गेले?"

घरी आईनं फोटो हातात घेतला. मला वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "सुध्या, हे आपले न्हाईत रे." आणि फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. स्मृतिदिन परवावर आलेला. मला स्वतःचा असा काही संताप आला, की तो तडक बाहेरच्या सगळ्यांवर काढणं भाग होतं.

"सगळ्यांनी मिळून वाट लावलीत! साडी बुडवलीत! गूळ आणलात!"

"गूळ!" सुनंदा माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत कडाडली. "या खोलीत चपला चालत नाहीत आणि गूळ चालतो? बघा!"

स्कॅनरवरच्या गुळापासून मुंग्यांची एक रांग शिस्तीत निघाली होती. टेबलावरून, पडद्यापुढून, थेट स्पीकरच्या मागं. पडद्यावर माझे गुळाच्या रंगाचे नाना हसत होते.

"हा खोका आधी हलवते मी!" सुनंदानं साडी स्मृतिदिनासाठी आलेल्या आक्काच्या अंगावर फेकली, केरसुणी काखेत मारली आणि स्पीकर धरून ओढला.

"हात लावू नकोस त्याला!" मी ओरडलो.

आणि पडद्यावरचे नाना रंग बदलू लागले. खोका वीतभर सरकला, नाना पोपटी झाले. हातभर सरकला, नाना थेट कैरी! सुनंदा थबकली. तिनं खोका पुन्हा पडद्याजवळ नेला. नाना गुळावर आले. लांब नेला. कैरी. जवळ. गूळ. लांब. कैरी.

"फिटरचा जीव," आक्का कुजबुजली. "यंत्रात गेलाय."

यंत्रात नाना नव्हते, लोहचुंबक होतं. स्पीकरमधलं ते भलंमोठं लोहचुंबक त्या वेळच्या काचेच्या फुगीर पडद्याचे रंग ओढतं, आणि ओढलेली ती लाली मी नानांची समजून रात्रंदिवस हिरव्यानं पुसत होतो. रेडिओवाल्यानं मला बजावलंही होतं, "टीव्हीजवळ ठेवू नका, रंग बिघडतात." मी ते काटेकोर पाळलं होतं. टीव्ही पार पलीकडच्या खोलीत होता!

फोटो पुन्हा स्कॅन केला. ड्रॉपर साडीवर टेकवला. फोटोतल्या, नीळबिळ विसरून. चहा उकळायच्या आत नाना परत आले. दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून नगरच्या दुकानात गेलो, आणि दुकानदारानं मान खाली घालूनच प्रिंट काढून दिली. तो हसत होता, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं.

स्मृतिदिनाला बुद्धवंदना झाली. नाना भिंतीवरून सावळे, हसरे बघत होते. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. कारखान्यातले एक जुने सोबती म्हणाले, "हुबेहूब! रंग कुणी जमवला हो? मास्तरनं?"

"न्हाई," आई म्हणाली. "सुनेनं. तिनं खोका हलवला."

हिरवा फोटो मी फाडायला घेतला होता. आईनं हिसकावला. "नवऱ्याला फाडू देते व्हय तुला!" तो तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. घरात माझा आवाज चढला, की ती फक्त कपाट उघडते. चित्रकला शिकवण्यात जन्म गेला माझा, पण घरात जपून ठेवलेलं माझं काम तेवढं एकच आहे.